लार्गोचा सेलक्रेग

रॉबिन्सन क्रूसोचें नांव ऐकलें नाहीं असा सुशिक्षित वाचक आमच्याकडे विरळाच. डॅनियल डीफोची ही कादंबरी १७१९ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाली. तिच्या मुळाशीं ज्या अनेक खऱ्या हकीकती आहेत, त्यांत अलेक्झांडर सेलकर्क ह्या स्कॉटिश खलाशाची हकीकत प्रमुख, हेंही पुष्कळांस ठाऊक असतें. इंग्रजी शाळांतून शिकलेल्या कित्येकांना तर विल्यम कौपरच्या १७८२ सालच्या कवितेमुळें हा सेलकर्क क्रूसोच्याही आधीं भेटलेला असतो. कादंबरीकार आणि कवि ह्या दोघांनीं मिळून ह्या माणसाची जी मूर्ति घडविली ती इतकी ठसठशीत आहे, कीं तिच्यामागें आईबाप, भाऊ, भावजया आणि शेजारीपाजारी असलेला, जोडे करणाऱ्याचा एक तापट मुलगा उभा आहे, याची आठवणही सहसा होत नाहीं.

हा मुलगा एके दिवशीं गांवांतून नाहींसा झाला. पुढें तो कोठें कोठें सांपडतो, तें काव्यांतून नव्हे, तर चर्चच्या वह्या आणि कोर्टांचीं दप्तरें यांतून पाहावें, असा ह्या लेखाचा बेत आहे. बेटावरचीं चार वर्षें वाचकांच्या परिचयाचीं आहेत. त्यांत आम्ही फारसे शिरणार नाहीं.

स्कॉटलंडमध्यें हरवलेला पूर्वज शोधूं जाणाऱ्याला प्रथम वळावें लागतें तें पॅरिशच्या वह्यांकडे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अधिकाराखालचा मुलूख. त्यांत एखादें गांव असेल, नाहीं तर चार वाड्या असतील. अशा सुमारें नऊशें पॅरिशांच्या मिळून साडेतीन हजारांच्या आसपास जुन्या वह्या शिल्लक आहेत, आणि त्या एडिंबरो येथील राष्ट्रीय दप्तरखान्यानें सांभाळल्या आहेत. त्यांतली सर्वांत जुनी पर्थ परगण्यांतील एरल ह्या गांवची, १५५३ सालापासूनची. सरकारी जन्ममृत्यूची नोंद त्या देशांत १ जानेवारी १८५५ रोजीं सुरू झाली. त्यापूर्वींचा बहुतेक कारभार ह्या वह्यांवर. परंतु वही आहे म्हणून पूर्वज मिळेल असें मात्र नाहीं. वहींत जन्म नसतो, बाप्तिस्मा असतो. मृत्यूची नोंद पुष्कळ ठिकाणीं मुळींच नसते. असलीच तर प्रेतावर घालण्यासाठीं चर्चकडून भाड्यानें घेतलेल्या वस्त्राचे पैसे जमा झाल्याची. वही लिहिणारा बहुधा गांवचा शाळामास्तर. त्याला वेळ झाला तर लिही, न झाला तर चार महिने कोरे. त्यांतच १७८३ सालीं सरकारनें दर नोंदीवर तीन पेन्सांचा कर बसविला. तो १७९४ सालीं उठला, पण त्या अकरा वर्षांत जन्मलेलीं कितीएक गरिबांचीं मुलें वहींत यावयाचीं ती राहून गेलीं. तीन पेन्स वांचले आणि नांव गेलें.

सुदैवानें त्याच चर्चमध्यें आणखी एक वही असे. पॅरिशचा पाद्री आणि गांवांतील एल्डर म्हणविणारे प्रतिष्ठित गृहस्थ मिळून एक पंचायत बसे. तिला किर्क सेशन म्हणत. रविवारीं कोण मासे धरावयास गेला, कोण दारू पिऊन रस्त्यांत ओरडला, कोणत्या अविवाहित मुलीला दिवस गेले, कोणीं शेजारणीला चेटकीण म्हटलें, ह्या सर्वांची चौकशी ह्या पंचायतीपुढें होई. साक्षी होत, जबाब लिहून घेत, आणि दोष शाबीत झाला म्हणजे भर प्रार्थनेंत सर्व गांवासमोर उभें राहून निर्भर्त्सना ऐकून घ्यावी लागे. दंडाचे पैसे गरिबांच्या पेटींत पडत. एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्यें राहावयास जावयाचें तर वर्तणुकीचा दाखलाही हीच पंचायत देई. त्यामुळें माणूस कोठून आला व कोठें गेला, याचा माग कित्येक वेळां ह्या दाखल्यांवरून लागतो. आमच्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वज सांपडतात ते यात्रेला गेले म्हणून. स्कॉटलंडमध्यें ते सांपडतात ते बहुधा रविवारीं चुकले म्हणून. २०२१ सालापासून ह्या सेशनच्या वह्यांचीं छायाचित्रें घरबसल्या पाहण्याची सोय झाली आहे, आणि ज्यांनीं आपल्या कुलाविषयीं मोठा अभिमान बाळगला होता अशा पुष्कळ कुटुंबांना त्या सोयीनें थोडें ओशाळवाणें केलें असेल.

आतां आपल्या खलाशाकडे वळूं. फाइफ परगण्यांत, फोर्थच्या खाडीच्या कांठीं, लोअर लार्गो म्हणून एक कोळ्यांचें गांव आहे. तेथें १६७६ सालीं त्याचा जन्म झाला. बाप जॉन हा कातडीं कमावून जोडे करणारा. आई यूफन मॅकी. आणि हा त्यांचा सातवा मुलगा. पण सेलकर्क हें आडनांव घेऊन जो कोणी लार्गोच्या वह्या चाळावयास बसेल त्याच्या हातीं कांहीं लागणार नाहीं. गांवच्या वहींत हें घराणें सेलक्रेग असें आहे, आणि तेंही लेखनिकाच्या लहरीप्रमाणें कधीं सेलक्रेग, कधीं सेल्खरेग. गांव सोडून समुद्रावर गेल्यावर केव्हां तरी त्या सेलक्रेगचा सेलकर्क झाला. सेलकर्क नांवाचें एक शहर स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेकडे आहे. त्याच्याशीं ह्या मुलाचा कांहीं संबंध नाहीं.

नांवाचा हा घोटाळा संशोधकाला पदोपदीं नडतो. आपल्या इतिहासाशीं निगडित असलेलेंच एक उदाहरण द्यावयाचें तर ग्रँट डफचें. साताऱ्याच्या दरबारीं रेसिडेंट म्हणून आलेला हा गृहस्थ जन्मानें जेम्स ग्रँट. आईकडील ईडनची इस्टेट वारशानें आल्यावर डफ हें नांव त्यानें जोडून घेतलें. बॅन्फ येथें १७८९ सालीं जन्मलेला मूल ग्रँट म्हणूनच शोधला पाहिजे. उलट एका बाबतींत स्कॉटलंडची चाल संशोधकाला फार उपकारक आहे. तेथें विवाहित स्त्री कागदोपत्रीं माहेरच्याच आडनांवानें राही. म्हणून जॉन सेलक्रेगची बायको यूफन मॅकी, आणि थोरल्या मुलाची बायको मार्गारेट बेल, अशा नोंदी सांपडतात व मातृकुलाचा धागा तुटत नाहीं. हा मुद्दा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल.

अलेक्झांडरचें नांव सेशनच्या वहींत येतें तें १६९५ च्या आगस्ट महिन्यांत. चर्चमध्यें असभ्य वर्तन केल्याची त्याच्यावर तक्रार होती. काय केलें होतें तें लिहिलेलें नाहीं. एकोणीस वर्षांचा मुलगा लांबलेल्या प्रवचनांत हंसला असेल, नाहीं तर शेजाऱ्याला कोपर मारलें असेल. सेशननें चर्चच्या शिपायाला त्याला बोलावून आणण्याचा हुकूम केला. दोन दिवसांनीं, २७ तारखेला, सेशन पुन्हा बसलें, तों आरोपी गैरहजर. तो समुद्रावर निघून गेला, एवढीच माहिती मिळाली. तेव्हां पाद्रीबोवांनीं काय करावें? प्रकरण काढून टाकलें नाहीं. माफही केलें नाहीं. तो परत येईपर्यंत तें तहकूब ठेवलें.

ही एक ओळ वाचतांना आम्हांस नेहमीं कौतुक वाटतें. आईबापांनीं मुलगा गेला म्हणून काय केलें, तें कोठेंच नाहीं. भाऊ बंदरावर शोधावयास गेले कीं नाहीं, ठाऊक नाहीं. मुलगा नाहींसा झाल्याची लेखी दखल घेतली ती एकट्या त्या पंचायतीनें, आणि तीही त्याला शिक्षा करावयाची राहिली म्हणून.

सहा वर्षांनीं, १७०१ च्या नोव्हेंबरांत, तो पुन्हा त्याच वहींत उभा राहतो. ह्या वेळचें प्रकरण मोठें आहे आणि साक्षीपुरावा झाल्यामुळें त्यांत घराच्या आंतलें सारें दिसतें. धाकटा भाऊ अँड्र्यू हा एका भांड्यांत समुद्राचें खारें पाणी घेऊन घरांत आला. अलेक्झांडरनें तें नकळत तोंडाला लावलें. अँड्र्यू हंसला. एवढ्यावरून अलेक्झांडरनें त्याला मार दिला आणि तो पिस्तूल आणावयास वर जाऊं लागला. म्हातारा बाप दाराला पाठ लावून खालीं बसला. थोरला भाऊ जॉन धांवत आला. त्यालाही प्रसाद मिळाला. मागोमाग जॉनची बायको मार्गारेट बेल आली, ती त्या गुंडाळ्यांत सांपडली. सेशनपुढें बापाला, भावांना, भावजयीला, सर्वांना विचारण्यांत आलें. अखेर अलेक्झांडरला चर्चमध्यें सर्व गांवासमोर उभें करून त्याची निर्भर्त्सना झाली, आणि आपण सुधारूं असें त्यानें कबूल केलें.

डीफोच्या क्रूसोचा बापही मुलानें समुद्रावर जाऊं नये म्हणून त्याला उपदेश करतो. तो उपदेश करणारा बाप सुखवस्तु, शांत आणि बोलका आहे. दाराला पाठ लावून जमिनीवर बसलेला, एक शब्द न बोलणारा लार्गोचा म्हातारा जॉन सेलक्रेग आम्हांस त्याच्याहून कितीतरी खरा वाटतो.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. १७०३ सालीं विल्यम डँपिअरच्या सफरींत, ‘सिंक पोर्ट्स’ जहाजावर, तो मार्ग आंखणारा मास्टर म्हणून निघाला. १७०४ सालीं कप्तान स्ट्रॅडलिंगशीं त्याचें भांडण झालें. जहाज पोंखरलेलें आहे, ह्यांतून पुढें जाण्यापेक्षां मी येथेंच राहतों, असें म्हणून तो चिलीच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या हुआन फर्नांदेस बेटांतील एकावर उतरला. उतरल्यावर पश्चात्ताप झाला, पण स्ट्रॅडलिंगनें त्याला परत घेतलें नाहीं. तें जहाज पुढें खरोखरच बुडालें व वांचलेले लोक स्पॅनिशांच्या कैदेंत पडले. अलेक्झांडरला २ फेब्रुवारी १७०९ रोजीं वुड्स रॉजर्सच्या जहाजांनीं सोडविलें, आणि १७११ च्या आक्टोबरांत तो इंग्लंडला पोंचला. रॉजर्सनें १७१२ सालीं आणि रिचर्ड स्टीलनें १७१३ सालीं त्याची हकीकत छापली. त्यानंतर तो लंडनमध्यें थोडाबहुत प्रसिद्ध पुरुष झाला. लुटींतील त्याचा वांटा सुमारें ८०० पौंडांचा होता असें म्हणतात. जोडे करणाऱ्याच्या मुलाला ही रक्कम लहान नव्हे.

येथपासून पॅरिशची वही संपते आणि कोर्टाचें दप्तर सुरू होतें. डँपिअरच्या सफरींत ज्यांनीं पैसा घातला होता त्यांनीं त्याच्याविरुद्ध चॅन्सरी कोर्टांत दावा केला; त्यांत १७१२ सालीं सेलकर्कची जबानी झाली. रॉजर्स आणि स्टील यांनीं त्याचें बोलणें आपापल्या भाषेंत बसविलें. ह्या जबानींत मात्र कारकुनाच्या लेखणीआडून कां होईना, तो स्वतः बोलतो. पण तो काय बोलतो? जहाजांची दुरवस्था, सफरीचा कारभार, लूट आणि तिची व्यवस्था. निर्जन बेटावरचें वास्तव्य हा त्या दाव्याचा विषयच नव्हता, म्हणून वकिलांनीं त्याविषयीं विचारण्याचें कारण नव्हतें. सारें जग ज्या चार वर्षांविषयीं ऐकावयास उत्सुक होतें, त्यांची कोर्टाला गरज नव्हती. दप्तरांचा स्वभावच असा आहे. त्यांच्यावर रागावून उपयोग नाहीं.

दुसरी नोंद ब्रिस्टलची. १७१३ च्या सप्टेंबरांत, तेथील सेंट स्टीफन्स पॅरिशमध्यें रिचर्ड नेटल नांवाच्या जहाज बांधणाऱ्या सुताराला मारहाण केल्याचा आरोप त्याच्यावर झाला. स्टीलनें त्याच वर्षीं त्याचें वर्णन करतांना एकान्तामुळें गंभीर व शांत झालेला पुरुष असें चित्र रंगविलें. तें चित्र सर्वस्वीं खोटें असें आम्ही म्हणत नाहीं. माणूस गंभीरही असेल आणि हाताचाही सैल असेल. परंतु एकान्तानें त्याचा स्वभाव पालटला, हें जें पाठ्यपुस्तकांतून आम्हांस शिकविण्यांत आलें, त्याला १७०१ चें लार्गो आणि १७१३ चें ब्रिस्टल हीं दोन पानें शेजारीं ठेवून पाहिल्यावर फारसा आधार राहत नाहीं.

तो गांवीं परत केव्हां आला याविषयीं चरित्रकारांत एकवाक्यता नाहीं. रविवारीं चर्च भरलें असतां जरीच्या पोशाखांतला एक परका गृहस्थ आंत आला, आईनें त्याला ओळखलें, आणि तिनें सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली, ही सुंदर गोष्ट जॉन हॉवेलच्या १८२९ सालच्या चरित्रांत आहे. परसांत गुहेसारखी जागा करून तो तासन् तास समुद्राकडे पाहात बसे, हीही तेथलीच. हॉवेलनें लार्गोच्या वह्या पाहिल्या, सेशनच्या नोंदी छापल्या, ह्याबद्दल त्याचे उपकार मानावे तितके थोडेच. पण वहींतलें आणि गांवांत ऐकलेलें ह्यांतील भेद वाचकानें आपला आपण ठेवला पाहिजे. शंभरांहून अधिक वर्षें तोंडोतोंडीं चालत आलेल्या गोष्टींत आईच्या मिठीसारखी गोष्ट टिकते. कोणतें साल, तें टिकत नाहीं.

आतां आम्ही ह्या शोधाच्या ज्या भागाकडे येत आहों, तो आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. आणि क्रूसोच्या वाचकांना तोच सर्वांत कमी ठाऊक. लार्गोहून तो सोफिया ब्रूस नांवाच्या एका तरुण मुलीला घेऊन लंडनला गेला. पुढें आरमारांत चाकरी धरल्यावर त्यानें मृत्युपत्र केलें. खलाशी लोक सफरीवर निघण्यापूर्वीं अशीं मृत्युपत्रें सर्रास करीत. मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र एकाच कागदावर असे, म्हणजे माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा पगार उचलावयास तोच कागद आणि मेल्यावर वारसालाही तोच. ह्या मृत्युपत्रावर १७१७ च्या जानेवारीची मिति आहे. इंग्लंडांत त्या काळीं कायद्याचें वर्ष २५ मार्चला सुरू होई, स्कॉटलंडांत मात्र १६०० पासून तें १ जानेवारीला बदले. म्हणून इंग्लंडांतल्या कागदावरचा १७१७ चा जानेवारी हा लार्गोच्या हिशेबानें १७१८ चा होय. अशा घोटाळ्यामुळें एकाच कागदाला दोन पुस्तकांत दोन सालें पडतात, आणि अननुभवी संशोधक एका माणसाचीं दोन माणसें करून बसतो.

त्या मृत्युपत्रांत सोफिया ब्रूस हिला त्यानें आपली प्रिय मैत्रीण म्हटलें आहे, ती अविवाहित असल्याचा शब्दही घातला आहे, आणि आपल्या मागें सर्व व्यवस्था तिच्या हातीं दिली आहे.

त्यानंतर १७२० सालीं तो प्लिमथला होता. तेथें दारूचें दुकान चालविणारी फ्रान्सिस कँडिस नांवाची एक विधवा होती. तिच्याशीं त्यानें त्या वर्षाच्या डिसेंबरांत लग्न केलें आणि नवें मृत्युपत्र करून सर्व कांहीं तिला दिलें. मग ‘वेमथ’ ह्या लढाऊ जहाजावर मास्टरचा मदतनीस म्हणून तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे निघाला. चांचे लोकांचा बंदोबस्त हें त्या सफरीचें काम. चांच्यांपेक्षां तापानें अधिक माणसें नेलीं. १३ डिसेंबर १७२१ ह्या दिवशीं जहाजाच्या रोजनिशींत अलेक्झांडर सेलकर्क मरण पावल्याची एका ओळीची नोंद आहे. प्रेत समुद्रांत सोडण्यांत आलें. डीफोची कादंबरी निघून तेव्हां अडीच वर्षें झालीं होतीं. ती त्यानें वाचली होती कीं नाहीं, याची नोंद कोण करणार?

बातमी पोंचल्यावर दोन स्त्रिया पुढें आल्या. फ्रान्सिसनें १७२० चें मृत्युपत्र दाखविलें. एव्हांना तिनें हॉल आडनांवाच्या गृहस्थाशीं पुन्हा लग्न केलें होतें. सोफियानें पहिलें मृत्युपत्र दाखविलें आणि आपण सेलकर्कची विवाहित पत्नी, म्हणून खरी विधवा, असें म्हणणें मांडलें. १७२३ च्या सुमारास हें प्रकरण लंडनच्या कोर्टांत चाललें आणि फ्रान्सिसचा जय झाला.

यावरून पुष्कळ लेखकांनीं सोफियाला निकालांत काढलें आहे. कोणी तिला ठेवलेली बाई म्हणतात, कोणी लबाड. आम्हांस हा न्याय पटत नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर मागाहूनचें मृत्युपत्र आधींच्यावर मात करतें. इस्टेट फ्रान्सिसकडे जाण्यास एवढें पुरेसें होतें. सोफियाचें लग्न झालें होतें कीं नव्हतें, ह्या प्रश्नाचा निकाल त्यावरून लागत नाहीं. मृत्युपत्रांतील ‘अविवाहित’ हा शब्द तिच्याविरुद्ध जातो खरा, पण तो त्या तारखेपुरताच. त्यानंतर तीन वर्षें पडलीं होतीं. आणि लग्न म्हणजे तरी काय? स्कॉटलंडच्या कायद्यांत स्त्रीपुरुषांनीं आपण आतां पतिपत्नी आहों असें परस्परांस सांगितलें कीं लग्न झालें. पाद्री नको, वही नको, कागद नको. हा कायदा तेथें थेट १९४० पर्यंत टिकला. इंग्लंडांतही १७५४ पूर्वीं पाद्र्यानें गुपचूप लावलेलें लग्न बेकायदेशीर ठरत नसे. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास असलीं लग्नें हजारांनीं लागत. लार्गोहून लंडनला आलेली मुलगी ज्याला लग्न समजत होती, तें लंडनच्या न्यायाधीशाला दाखवितां येण्याजोगें नव्हतें, एवढेंच फार तर सिद्ध होतें. फ्रान्सिसजवळ प्लिमथच्या चर्चची नोंद होती. सोफियाजवळ तिचा शब्द होता.

मग तिनें दावा कां केला? इस्टेट मिळण्याचा संभव थोडा होता, हें तिच्या वकिलानें तिला सांगितलेंच असेल. थकलेला पगार आणि थोड्याबहुत चीजवस्तु, ह्यांचा मोह नव्हता असें कोण म्हणेल? गरीब बाईला तो असावाच. पण तिनें मागितलें तें एवढेंच नव्हतें. आपणांस विधवा म्हणावें, हेंही तिचें मागणें होतें, आणि तें पुरें झालें नाहीं.

सेलकर्कला कोणत्याही बायकोपासून मूल झाल्याचें ठाऊक नाहीं. तरी लार्गोत त्याच्या भावांचा वंश राहिला, आणि हा हरवलेला पूर्वज त्यांनीं चांगला सांभाळला. त्याची पेटी आणि नारळाच्या करवंटीचा पेला घराण्यांत पिढ्यान् पिढ्या होता. ह्या दोन्ही वस्तु आतां एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहेत. १८८५ सालीं त्याच कुळांतील, मासे धरण्याच्या जाळ्यांचा कारखाना असलेल्या एका गृहस्थानें त्याच्या जन्मस्थानीं कांशाचा पुतळा बसविला. बकऱ्याच्या कातड्यांचा पोशाख, कपाळावर आडवा हात, नजर दूर. म्हणजे लार्गोनेंही अखेर आपला मुलगा कादंबरींतूनच परत घेतला. चिली सरकारनें १९६६ सालीं त्याच्या बेटाला रॉबिन्सन क्रूसो हें नांव दिलें, आणि अलेक्झांडर सेलकर्कचें नांव दिलें तें दुसऱ्या एका बेटाला. त्यावर त्यानें कधीं वस्ती केली नव्हती. २००५ सालीं पहिल्या बेटावर झालेल्या उत्खननांत नकाशावर अंतर मोजण्याच्या कंपासाच्या टोकाचा लहानसा धातूचा तुकडा सांपडला. सेलकर्कजवळ गणिताचीं उपकरणें होतीं असें रॉजर्सनें लिहून ठेवलें आहे. तेव्हां हा तुकडा त्याचाच असण्याचा संभव बराच आहे.

सोफियाचा मात्र पुतळा नाहीं. ती आणखी एकदां दिसते. वेस्टमिन्स्टर येथें सॅम्युएल से नांवाचा एक पाद्री १७३४ पासून १७४३ मध्यें मरण पावेपर्यंत होता. त्याच्या मागें राहिलेल्या कागदांत तिचा मदतीसाठीं केलेला एक अर्ज आहे. कडाक्याच्या ऋतूमुळें आपण अगदीं हलाखींत आहों, आपला नवरा हुआन फर्नांदेस बेटावर चार वर्षें चार महिने एकटा राहिला होता, आणि स्कॉटलंडांत आपले तीन चुलते पाद्री होते, असें तिनें त्यांत सांगितलें आहे. कोर्टानें नाकारलेलें नांव तिनें त्या अर्जांत वापरलें. स्कॉटिश चालीप्रमाणें तिला ब्रूस राहतां आलें असतें; पण लंडनमध्यें तें तिच्या उपयोगाचें नव्हतें. तें नांव लिहितांना तिनें जगाला ठाऊक असलेलें सेलकर्कही लिहिलें नाहीं. सही आहे ती सोफिया सेल्खरिग अशी, लार्गोच्या वहींतल्या वळणाची.